कडक भाकरीच्या मुलखात गव्हाची तपासणी

गहू बंद केल्यावर पोट शांत झाले असेल, तर केवळ एका तपासणीसाठी तोच गहू पुन्हा आठवडेच्या आठवडे का खायचा, हा प्रश्न सीलिअॅक आजाराची शंका आलेल्या बहुतेक घरांत विचारला जातो आणि तो अगदी रास्त आहे. ज्या पदार्थाने त्रास होतो असे वाटते तोच पदार्थ वैद्यक पुन्हा खायला सांगते, हे वरवर पाहता विपरीत दिसते. सोलापूर जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथील ताटात ज्वारीची भाकरी मुख्य आणि चपाती दुय्यम असल्यामुळे काही माणसांनी गहू कधी मुद्दाम बंद केलेला नसतो, आणि तरीही तपासणीला लागतो तेवढा गहू त्यांच्या पोटात जात नसतो. अशा माणसाचा रक्ताचा अहवाल 'निर्दोष' आला, तर त्यावर कितपत विसंबावे, हे समजण्यासाठी ही तपासणी नेमके काय पाहते ते क्रमाने पाहावे लागेल.

१. परातीतले ग्लूटेन

ज्वारीचे पीठ आणि गव्हाची कणीक यांतला फरक सोलापूरच्या प्रत्येक स्वयंपाकघरात हाताला कळतो. कणीक साध्या पाण्यात मळली तरी लवचीक होते, ताणली तर ताणते, लाटण्याखाली कागदासारखी पातळ पसरते. ज्वारीच्या पिठाला उकळीचे पाणी घालून ते तळव्याने रगडून मळावे लागते, आणि तरीही भाकरी लाटता येत नाही; परातीत पीठ भुरभुरून ती हाताने थापावी लागते, आणि थापणारा हात सराईत नसेल तर तिच्या कडा चिरतात. हा फरक ज्या पदार्थामुळे पडतो तो म्हणजे ग्लूटेन, गव्हातील प्रथिनांचा चिवट समूह. गहू, जव आणि राय या धान्यांत अशी प्रथिने असतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आणि मका यांत ती नसतात.

ग्लूटेन डोळ्यांनी पाहायचे असेल तर मळलेल्या कणकेचा गोळा पाण्याच्या बारीक धारेखाली धरून हलक्या हाताने चेपत राहावा. पांढरे पाणी वाहून जाते, तो पिठातला स्टार्च. आणि शेवटी हातात च्युइंगमसारखा करडा, ताणला तर परत आखडणारा गोळा उरतो, ते ग्लूटेन. इटलीतील बोलोन्याच्या बेक्कारी या अभ्यासकाने नेमक्या याच रीतीने ते वेगळे केले आणि त्याचे वर्णन १७४५ साली छापले गेले. ज्वारीच्या पिठाचा गोळा असा धुतला तर हातात काहीच उरत नाही, सगळे पाण्याबरोबर जाते.

या प्रथिनांची एक खोड अशी, की माणसाच्या पाचकरसांना त्यांचे पूर्ण तुकडे करता येत नाहीत. बहुतेक माणसांत हे अर्धवट तुटलेले तुकडे आतड्यातून निमूटपणे पुढे जातात. सीलिअॅक आजाराच्या माणसात तसे होत नाही.

२. आतड्याचा टॉवेल

सोलापुरी टॉवेल पाणी का टिपतो? त्याच्या पृष्ठभागावर सुताचे असंख्य उभे फासे असतात आणि त्यांमुळे पाण्याला स्पर्श करणारी जागा कितीतरी पटींनी वाढते. वर्षानुवर्षे वापरून हे फासे झिजले, की टॉवेलची लांबी-रुंदी तेवढीच राहते, पण अंग पुसल्यावर अंग ओलेच राहते. लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावरही असेच सूक्ष्म उभे फासे असतात, त्यांना रसांकुर म्हणतात, आणि पचलेल्या अन्नातले लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे, मेद आणि साखर टिपून घेण्याचे काम त्यांच्याकडे असते.

सीलिअॅक आजारात ग्लूटेनचे तुकडे या अस्तरात शिरतात. तेथे ऊतक ट्रान्सग्लूटामिनेज नावाचे विकर असते. विकर म्हणजे शरीरातील एखादी रासायनिक घडामोड घडवून आणणारे प्रथिन. हे विकर ग्लूटेनच्या तुकड्यांत किरकोळ रासायनिक बदल करते आणि तेवढ्या बदलामुळे रोगप्रतिकारक पेशींना ते तुकडे शत्रूसारखे भासू लागतात. पुढचा गोंधळ याहून मोठा आहे. प्रतिकारयंत्रणा ग्लूटेनबरोबर त्या विकरावरही, म्हणजे स्वतःच्याच शरीराच्या एका घटकावर, चालून जाते. म्हणूनच सीलिअॅक हा आत्मप्रतिकारक आजार आहे. ती गव्हाची अॅलर्जी नव्हे आणि पोट नाजूक असणेही नव्हे. या झटापटीत रसांकुर खुरटतात, पुढे सपाट होतात, आणि टॉवेल झिजतो.

टॉवेल झिजला की लक्षणे नेहमी पोटातच दिसतात असे नाही. काहींना दीर्घकाळ जुलाब होतात आणि पोट फुगते. काहींच्या बाबतीत मात्र गोळ्या घेऊनही न वाढणारे हिमोग्लोबिन, वयाच्या मानाने खुंटलेली उंची, लवकर ठिसूळ झालेली हाडे किंवा वारंवार तोंड येणे एवढेच दिसते. ज्या जिल्ह्यात स्त्रियांच्या रक्तक्षयाचे खापर पाळी, बाळंतपणे आणि अपुऱ्या जेवणावर सहज फोडले जाते, तेथे आतडे लोह टिपतच नसेल ही शक्यता मागे पडते. ती मागे पडू नये म्हणून ही तपासणी बिनचूक होणे फार महत्त्वाचे आहे.

३. धुराडे आणि गाळप

या आजाराची मुख्य तपासणी रक्ताची असते. तिच्यात वर सांगितलेल्या विकराविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे मोजतात. प्रतिपिंडे म्हणजे प्रतिकारयंत्रणेने एखाद्या लक्ष्यावर सोडण्यासाठी घडवलेली प्रथिने. हे विकर हेच त्या प्रतिपिंडांचे लक्ष्य असल्याचा शोध १९९७ साली जर्मनीत लागला, आणि त्यानंतर ही रक्तचाचणी जगभर सुलभ झाली. रक्तात प्रतिपिंडे वाढलेली आढळली की प्रौढांमध्ये सहसा पुढची पायरी दुर्बिणीची: तोंडावाटे दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून, म्हणजे आद्यांत्रातून, अस्तराचे चार-पाच बारीक तुकडे घेतात आणि रसांकुर उभे आहेत की सपाट झाले आहेत हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. या नमुना घेण्यालाच बायॉप्सी म्हणतात.

या दोन्ही तपासण्यांतली मेख अशी, की त्यांपैकी कोणतीही आजाराच्या मुळाला हात घालत नाही. पहिली चालू असलेल्या लढाईचा दारूगोळा मोजते, दुसरी लढाईने झालेली पडझड पाहते. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ असल्याने दृष्टान्त हाताशी आहे. गाळप हंगाम आटोपल्यावर उन्हाळ्यात कोणी कारखान्यापाशी जाऊन धुराड्यातून धूर निघत नसल्याचे पाहिले आणि 'येथे कारखाना नाही' असा अहवाल लिहिला, तर तो अहवाल डोळ्यांना दिसले त्याच्याशी प्रामाणिक असेल, पण साफ चुकीचा असेल. कारखाना जागेवरच आहे, त्याला ऊस मिळालेला नाही एवढेच. गहू हा येथे ऊस, प्रतिपिंडे हा धूर. गव्हाचा पुरवठा थांबला की प्रतिपिंडे ओसरू लागतात आणि रसांकुर पुन्हा वाढू लागतात. आजार मात्र गेलेला नसतो, कारण गहू पुन्हा सुरू होताच सगळे पूर्ववत सुरू होते.

बॉयलर जसा एका दिवसात गार होत नाही, तशी प्रतिपिंडेही एका दिवसात नाहीशी होत नाहीत. ती महिन्यामहिन्यांनी उतरतात, सुरुवातीला फार चढलेली असतील तर मर्यादेत यायला वर्ष किंवा त्याहून अधिक लागते; रसांकुर भरून यायला मुलांना काही महिने पुरतात, प्रौढांना कित्येकदा दोन वर्षेही अपुरी पडतात. म्हणून गहू सोडून दोन-चार आठवडेच झालेल्या माणसाचा अहवाल अजूनही खरे सांगू शकतो, पण दोन वर्षे काटेकोर पथ्य केलेल्या माणसाच्या 'निर्दोष' अहवालातून काहीच ठरत नाही.

४. गहू काढून घेणे आणि परत देणे

तपासणीसाठी गहू खायला लावणे ही आजच्या डॉक्टरांनी काढलेली नवी टूम नव्हे. हा आजार मुळात त्याच मार्गाने उलगडला. विलेम कारेल डिके हे नेदरलँड्समधील हेग शहरात बालरोगतज्ज्ञ होते. गव्हाबद्दलचा संशय त्यांना दुसऱ्या महायुद्धाआधीच आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे त्या देशात भीषण अन्नटंचाई झाली, पाव दिसेनासा झाला, आणि डिके यांच्या संशयाला बळकटी मिळाली. पुढे त्यांनी ठरावीक मुलांच्या आहारातून गहू काढला, काही काळाने पुन्हा घातला, आणि दर टप्प्यात त्यांच्या शौचातून किती मेद न पचता बाहेर पडतो ते सहकाऱ्यांच्या मदतीने मोजले. गहू दिला की मेद वाढे, काढला की कमी होई. १९५० साली त्यांनी हे निष्कर्ष प्रबंधरूपाने मांडले.

त्याआधीची एक गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. न्यू यॉर्कमध्ये सिडनी हास या डॉक्टरांनी १९२४ साली या मुलांसाठी केळ्यांचा आहार सुचवला. मुले खरोखर सुधारली आणि कित्येक वर्षे श्रेय केळ्यांना मिळत राहिले. खरे कारण असे, की केळी खाणाऱ्या मुलाच्या ताटातून पाव गेला होता. आहार बदलल्यावर बरे वाटले, म्हणजे कशामुळे बरे वाटले हे कळले, असे होत नाही. एवढे सांगायला हे एक उदाहरण पुरेसे आहे.

बायॉप्सी शक्य झाल्यावर डॉक्टरांनी नियम आणखी कडक केले. १९६९ साली स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेन येथे युरोपातील बालपचनतज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषांनुसार मुलाची तीनदा बायॉप्सी करावी लागे: गहू खात असताना, गहू सोडून अस्तर सुधारल्यावर, आणि गहू पुन्हा देऊन अस्तर बिघडल्यावर. आज रक्तचाचण्या भरवशाच्या झाल्यामुळे इतके करावे लागत नाही. उलट प्रतिपिंडे मर्यादेच्या दहा पटींहून अधिक असलेल्या मुलांत, दुसऱ्या नमुन्यावर आणखी एका चाचणीने खात्री करून, बायॉप्सी टाळताही येते. मात्र त्या तीन टप्प्यांतला पहिला, म्हणजे 'गहू खात असताना', आजही तसाच आवश्यक आहे.

५. किती गहू आणि किती दिवस

येथे थोडा हिशेब करावा लागतो, आणि तो चपातीच्या भाषेत केला तर सोपा जातो. गव्हाच्या पिठात शंभर ग्रॅममागे साधारण अकरा ग्रॅम प्रथिने असतात आणि त्यांपैकी सुमारे चार पंचमांश ग्लूटेन. म्हणजे शंभर ग्रॅम पिठात पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास. मध्यम आकाराच्या एका चपातीला तीस ग्रॅम पीठ लागते असे धरले, तर एका चपातीतून अडीच ग्रॅमच्या वर ग्लूटेन मिळते. दिवसाला तीन ग्रॅम म्हणजे सव्वा चपाती, आणि दहा ग्रॅम म्हणजे जवळजवळ चार.

जो माणूस रोज गहू खातो त्याला यांपैकी कशाचाच विचार करावा लागत नाही. त्याने नेहमीचे जेवण चालू ठेवावे आणि रक्त द्यावे. ब्रिटनमधील 'नाइस' या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेचा सल्ला असा, की तपासणीआधी किमान सहा आठवडे रोज एकाहून अधिक जेवणांत ग्लूटेनचा पदार्थ असावा. अमेरिकी पचनतज्ज्ञांच्या २०१३ च्या मार्गदर्शनानुसार, गहू सोडलेल्या माणसाने दिवसाला तीन ग्रॅम ग्लूटेन दोन आठवडे घ्यावे आणि सोसत असेल तर आठ आठवड्यांपर्यंत चालू ठेवावे. दोन्ही आकडे वेगळे दिसले तरी त्यांच्यात विरोध नाही; पहिला सर्वसाधारण माणसाला आधीच दिलेला खबरदारीचा सल्ला आहे, दुसरा त्रास सोसत गहू परत खाणाऱ्या माणसासाठी काढलेला किमान मार्ग.

दोन आठवड्यांचा हा किमान मार्ग बॉस्टनमधील एका लहान अभ्यासावर आधारलेला आहे. आजार सिद्ध झालेल्या आणि पथ्यावर असलेल्या वीस प्रौढांना चौदा दिवस ग्लूटेन दिले, तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेकांच्या अस्तरात बदल दिसले, परंतु रक्तातली प्रतिपिंडे चौदाव्या दिवशी जेमतेम हलली होती आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, म्हणजे ग्लूटेन थांबवून दोन आठवडे झाल्यावर, ठळकपणे चढलेली आढळली. धूर भट्टीच्या मागून येतो. म्हणून चार दिवस चपाती खाऊन पाचव्या दिवशी प्रयोगशाळेत जाण्याला अर्थ नाही.

६. भाकरीच्या ताटाचा हिशेब

आता हा हिशेब सोलापूरच्या ताटाला लावून पाहावा. मोहोळ येथे १९३० च्या दशकात निवडलेले मालदांडी ३५-१ हे रब्बी ज्वारीचे वाण आजही या पट्ट्यात पेरले जाते, मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन आहे, आणि कडक भाकरी, शेंगाचटणी, हिवाळ्यात हुरडा, वेळ अमावास्येला शेतात आंबील असा या भागाचा आहार ज्वारीभोवती फिरतो. अशा घरातील एक स्त्री रोज दोन्ही वेळा भाकरी खाते, सोबत थोडा भात असतो, रविवारी घरात चपात्या झाल्या की दोन खाते आणि रोज चहाबरोबर चार ग्लुकोज बिस्किटे घेते असे धरले, तर रविवारच्या दोन चपात्यांतले पाच ग्रॅम सात दिवसांवर वाटले असता दिवसाला पाऊण ग्रॅमही भरत नाही, आणि चार बिस्किटांतून सुमारे एक ग्रॅम मिळते. एकूण पावणेदोन ग्रॅमच्या आत. 'गहू खाता का?' या प्रश्नाला ती 'हो' म्हणेल आणि ते खरेच असेल. पण तीन ग्रॅमची किमान पातळी ती ओलांडत नाही. तिला सीलिअॅक आजार असेल तर तिच्या आतड्याला इजा होण्याइतका गहू त्यात आहे. तपासणी खात्रीने होकारार्थी येण्याइतका कदाचित नाही. त्याच गल्लीतला, मेसमध्ये दोन्ही वेळा तीन-तीन चपात्या खाणारा विद्यार्थी पंधरा ग्रॅमच्या पुढे जातो आणि त्याच्या अहवालावर विसंबता येते.

म्हणून या भागात प्रश्न 'गहू खाता का?' असा विचारून भागत नाही. 'दिवसाला किती, आणि किती महिन्यांपासून?' असा विचारावा लागतो, आणि त्याचे उत्तर रक्ताच्या अहवालाशेजारी लिहून ठेवावे लागते. ही एवढी एक ओळ नसल्यामुळे कागदावरचा 'निर्दोष' हा शब्द पुढे कित्येक वर्षे पुरावा म्हणून वावरतो.

गव्हाचे प्रमाण आणि आजाराचे आढळणे यांचा संबंध भारतातच मोठ्या पाहणीत तपासला गेला आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातील तेवीस हजारांहून अधिक प्रौढांचे रक्त तपासले गेले. सीलिअॅकची प्रतिपिंडे उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत आढळली. दिवसाचे गव्हाचे सरासरी सेवन उत्तरेत ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७ ग्रॅम आणि दक्षिणेत २५ ग्रॅम होते. या आजाराला लागणारी आनुवंशिक ठेवण मात्र तिन्ही भागांत जवळपास सारख्याच प्रमाणात, म्हणजे तीनांतल्या एका माणसाच्या आसपास, होती. उत्तर आणि दक्षिण यांची तुलना केली तर गव्हाचा हात स्पष्ट दिसतो. ईशान्येचा आकडा मात्र घाईचा निष्कर्ष काढू देत नाही, कारण तेथे गहू थोडा असूनही प्रतिपिंडे उत्तरेच्या जवळ पोहोचतात. गहू हा आवश्यक आहे, एकमेव नाही, इतके यातून म्हणता येते. गव्हाच्या सेवनात महाराष्ट्राचे पठार उत्तर आणि दक्षिण या दोन टोकांच्या मध्ये येते, आणि सोलापूर त्यातही ज्वारीकडे झुकलेले आहे. शिवाय संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळल्यापासून पुण्या-मुंबईच्या चपाती खाणाऱ्या घरांतही भाकरी परतली आहे. ही गोष्ट आनंदाची आहे, फक्त तिच्यामुळे हा हिशेब आता केवळ सोलापूरपुरता राहिलेला नाही.

७. गहू आधीच सोडला असेल तर

'महिनाभर गहू बंद करून बघा' हा सल्ला शेजारी, नातेवाईक आणि कधी कधी दवाखानाही देतो. त्यामागे सदिच्छा असते, पण क्रम उलटा होतो. गहू सोडून बरे वाटण्याची कारणे एकाहून अधिक आहेत: गव्हात फ्रुक्टॅन नावाची, काहींच्या आतड्यात आंबून वायू करणारी शर्कराशृंखला असते, कोणाला गव्हाची अॅलर्जी असते, कोणाच्या आहारातून गव्हाबरोबर बेकरीचे तेलकट पदार्थही गेलेले असतात. यांपैकी बहुतेकांना सीलिअॅकसारखे जन्मभराचे, कणभरही सूट नसलेले पथ्य लागत नाही. उलट ज्याला खरोखर सीलिअॅक आहे त्याला निदानाचा कागद हाती नसला, तर सणावाराला पुरणपोळीच्या आग्रहापुढे त्याचे पथ्य टिकत नाही, आणि हाडांची व रक्ताची जी तपासणी वेळोवेळी व्हायला हवी ती होत नाही.

गहू सोडलेल्या माणसाने सर्वप्रथम उशीर न करता आहे त्या स्थितीत रक्त तपासावे. प्रतिपिंडे अजून वाढलेली आढळली, तर मोठा प्रश्न सुटतो. याच वेळी एकूण आयजीए या वर्गाची प्रतिपिंडेही मोजावीत. मुख्य चाचणी याच वर्गावर चालते आणि सीलिअॅकच्या शंभरांतल्या दोन-तीन रुग्णांत हा वर्गच जन्मतः कमी असतो, त्यामुळे त्यांची चाचणी भरपूर गहू खाऊनही खोटी नकारार्थी येते. त्यांच्यासाठी आयजीजी वर्गाची वेगळी चाचणी असते.

रक्त निर्दोष आले तर गव्हाकडे वळण्याआधी आणखी एक दार आहे. सीलिअॅक आजार व्हायला डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ या नावाच्या आनुवंशिक खुणांपैकी एक असावी लागते, आणि त्या आहाराने बदलत नाहीत. कारखाना बांधलेलाच नसेल तर हंगामाची वाट पाहण्याचे कारण नाही. या खुणा नसतील तर आजाराची शक्यता जवळजवळ संपते आणि पुन्हा गहू खाण्याचा त्रास वाचतो. असतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण त्या तीनांतल्या एका निरोगी भारतीयातही असतात. तपासणी महागडी असल्यामुळे ती सगळ्यांना सांगता येत नाही, पण गहू खाल्ल्यावर ज्यांची अवस्था फार बिकट होते त्यांच्यासाठी ती पैसे वसूल करणारी आहे.

यानंतरही शंका उरली तर गहू परत सुरू करावा लागतो, आणि तो डॉक्टरांच्या नजरेखाली. सुरुवात अर्ध्या चपातीने करून आठवडाभरात दीड-दोन चपात्यांपर्यंत जावे. पोट फारच बिघडले तर सोसत बसण्याऐवजी डॉक्टरांना कळवून तपासणी अलीकडे घ्यावी. गर्भारपणात हा प्रयोग करू नये. पाच वर्षांखालील मुलांत आणि वयात येताना होणाऱ्या झपाट्याच्या वाढीच्या काळातही तो सहसा टाळतात. रक्तात ग्लूटेन मिसळून पेशींची प्रतिक्रिया मोजणाऱ्या, म्हणजे माणसाला गहू न खाऊ घालता निदान करू पाहणाऱ्या, चाचण्यांवर ऑस्ट्रेलियात आशादायक काम झाले आहे, परंतु त्या अजून रोजच्या वापरात आलेल्या नाहीत.

एक चूक विशेष सांगितली पाहिजे, कारण ती शहाणी माणसे करतात. रक्ताचा अहवाल होकारार्थी येतो, घरात त्याच संध्याकाळी गहू बंद होतो, आणि दुर्बिणीची तारीख पाच-सहा आठवड्यांनंतरची मिळते. तोवर अस्तर थोडे सावरते आणि बायॉप्सी घोटाळ्यात टाकणारी येते. दुर्बीण होऊन नमुने घेतले जाईपर्यंत चपाती चालूच ठेवायची असते.

८. खपली, गिरणी आणि घरातले इतर

सोलापूरच्या लग्नात वाढली जाणारी हुग्गी, म्हणजे खपली गव्हाची खीर, 'खपली पोटाला हलकी' या समजुतीने पथ्यातही खाल्ली जाते. खपली हा गव्हाचाच जुना प्रकार आहे आणि त्यात ग्लूटेन असते. रवा, शेवया, दलिया आणि मैदा यांतही ते असते. बाजारातल्या खड्याच्या शुद्ध हिंगात ते नसते, पण रोजच्या वापरातल्या बांधानी हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असू शकते. तपासणीपर्यंत ग्लूटेनच्या या गोष्टी चालतात. निदानानंतर त्यांतली एकही चालत नाही.

ज्वारीलाही गिरणीत गहू चिकटतो. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळून झाल्यावर त्याच जात्यावर ज्वारी टाकली, की दगडांत आणि पीठ पडणाऱ्या कापडी नळीत अडकलेले गव्हाचे पीठ पहिल्या शेर-दोन शेरांत उतरते. ग्लूटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन नसावे अशी मर्यादा आहे, आणि रोज पन्नास मिलिग्रॅम तीन महिने घेतल्याने रुग्णांच्या अस्तराला इजा झाल्याचे इटलीतील अभ्यासात दिसले आहे. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे एका चपातीचा पन्नासावा भाग. त्यामुळे निदान झालेल्या माणसासाठी ज्वारी घरघंटीवर, गहू कधीच न लागलेल्या दगडावर दळणे हेच खरे.

निदान झाले की सोलापुरातल्या घराला इतरांपेक्षा कमी धावपळ करावी लागते. भाकरी, शेंगाचटणी आणि पिठले आधीपासून ताटात असतात. बहुधा आई ठरवते, की एकट्या लेकासाठी वेगळे शिजवण्यापेक्षा सगळ्यांनीच गहू सोडावा, आणि आठवडाभरात घरातून कणकेचा डबा जातो. त्या मायेत एक अडचण दडलेली आहे. रुग्णाच्या आईवडिलांपैकी, भावंडांपैकी आणि मुलांपैकी दर शंभरांत सुमारे सात-आठ जणांना हाच आजार असतो, पुष्कळदा कोणतेही लक्षण नसताना. त्यांचे रक्त कणकेचा डबा घरात असतानाच दिले जायला हवे.